बसवणाऱ्याचं नाव

आमच्या ह्यांचे एक काका बोटीवर नोकरीला होते. ते गेले तेव्हा त्यांच्या खोलीतल्या सामानाची वाटणी झाली. कुणी घड्याळ नेलं, कुणी आरामखुर्ची. "तुमच्याकडे गाण्याची आवड आहे," असं म्हणून तबकड्यांची एक जडशीळ पेटी आमच्या वाट्याला आली. पेटीत माणिक वर्मा होत्या, सी. रामचंद्र होते आणि अगदी तळाशी चार मोठ्या तबकड्यांचा एक इंग्रजी संच होता. त्यावर नाव होतं फ्लेचर हेंडरसन. आणि संचाचं नाव काय, तर 'अ स्टडी इन फ्रस्ट्रेशन'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'एका वैफल्याचा अभ्यास'!

आता मला सांगा, नाचगाण्याच्या संचाला असं नाव कुणी देतं का? कुतूहल वाटलं, पण ऐकायचं कसं? आमचा रेकॉर्ड प्लेअर केव्हाच मोडीत गेला होता. शेवटी मुलाने तीच गाणी मोबाइलवर शोधून दिली. दुपारची जेवणं आटोपली, ओटा आवरला आणि मेथी निवडता निवडता मी ती ऐकायला बसले. दुसऱ्यातिसऱ्या गाण्यालाच पाय ठेका धरू लागला. इतकं खुशीत, इतकं झोकात चाललेलं संगीत, आणि त्याला म्हणे वैफल्य! मग मात्र त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचायचा नादच लागला.

हेंडरसन हे अमेरिकेतल्या जॅझ संगीतातले मोठे बँडप्रमुख. पण त्याहीपेक्षा ते 'अरेंजर' होते, आणि त्यांची सगळी कथा या एका शब्दाभोवती फिरते. अरेंजर म्हणजे गाणं बसवणारा. चाल दुसऱ्याची असते, वाजवणारे दुसरे असतात. कुणी केव्हा वाजवायचं, कुणी गप्प राहायचं, कुणी कुणाला उत्तर द्यायचं, हे सगळं हा माणूस ठरवतो आणि कागदावर उतरवून देतो.

मला हे चटकन समजलं त्याला कारण आहे. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. बी. ए.ला माझा विषय संगीत नव्हता, पण गळा बरा म्हणून स्नेहसंमेलनाचं समूहगीत दरवर्षी माझ्याकडेच येतं. चाळीस मुली एकदम गायला लागल्या की नुसता गलका होतो. म्हणून मी त्यांचे दोन गट करते. एका गटाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने ती झेलायची. मध्येच एखादीला एकटीला पुढे सोडायचं आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी हळूच नुसता आकार धरायचा. शब्द माझे नसतात, चालही माझी नसते. पण गाणं उभं राहतं ते या वाटणीवर. कार्यक्रमपत्रिकेत कवीचं नाव छापतात, चाल लावणाऱ्याचं छापतात, अध्यक्षांचं तर दोनदा छापतात. बसवणारीला तिथे जागा नसते. कुणी मुद्दाम करतं असंही नाही. ते काम कुणाला दिसतच नाही.

आपल्या हिंदी चित्रपटांतली गाणी आठवा. मुंबईतले सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे गोव्याकडचे वाद्यसंयोजक. संगीत दिग्दर्शकाच्या चालीभोवती व्हायोलिनचा ताफा कसा उभा करायचा, ट्रंपेट कुठे शिरायचा, हे ही मंडळी लिहून द्यायची. आपण ती गाणी जन्मभर गुणगुणलो, पण तबकडीवर ही नावं क्वचितच वाचली. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 साली 'अमर अकबर अँथनी'त नायकाला त्यांचं नाव मिळालं, म्हणून निदान ते नाव तरी घरोघर पोचलं.

तर हेंडरसन. यांचा जन्म 1897 सालचा, जॉर्जिया राज्यातल्या कथबर्ट या लहानशा गावी. कृष्णवर्णीयांचं सुशिक्षित घर. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई पियानो शिकवणारी. पोराने रियाज करावा म्हणून त्याला खोलीत कोंडून ठेवत, असं सांगतात. घरात चर्चचं आणि युरोपीय शास्त्रीय संगीत. रस्त्यावरच्या गाण्यांना दारात उभं करत नसत. मुलगा अटलांटा विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि गणित घेऊन पदवीधर झाला आणि 1920 साली पुढे रसायनशास्त्रच करायला म्हणून न्यूयॉर्कला गेला. तिथे कळलं की काळ्या रसायनतज्ज्ञाला उभं करायला कुणी तयार नाही. पोटासाठी त्याने एका संगीत प्रकाशकाकडे गिऱ्हाइकांना नवी गाणी वाजवून दाखवायची नोकरी धरली. घरच्यांना काय वाटलं असेल! आपल्याकडे मुलगा इंजिनियरिंग सोडून तबला वाजवायला निघाला तर काय होतं ते आपण पाहतोच.

पुढे त्याच मालकांपैकी एक, हॅरी पेस, यांनी 1921 साली 'ब्लॅक स्वान' नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. ती कृष्णवर्णीयांच्या मालकीची. हेंडरसन तिथे संगीताची बाजू सांभाळू लागले. गायिका एथेल वॉटर्सबरोबर त्यांना दौऱ्यावर पाठवलं. बाई मोठ्या खमक्या. या पदवीधराला 'ब्लूज' नीट वाजवता येत नाहीत, हे त्यांनी पहिल्या झटक्यातच ओळखलं आणि जेम्स पी. जॉन्सन या पियानोवादकाचे यांत्रिक पियानोचे रोल त्याच्यापुढे ठेवून शिकायला लावलं. ज्याला पुढे जगाने गुरू मानलं त्याचं हे शिक्षण एका बाईच्या धाकात झालं, हे वाचून मला, नाही म्हटलं तरी, बरं वाटलं.

1924 पासून हेंडरसन यांचा बँड न्यूयॉर्कच्या 'रोझलँड' या नाचघरात वाजवू लागला. नाचायला येणारे सगळे गोरे, वाजवणारे सगळे काळे. त्याच वर्षी शिकागोहून लुई आर्मस्ट्राँग नावाचा तरुण ट्रंपेटवाला आला आणि वर्षभर राहिला. त्याचं वाजवणं ऐकून अख्ख्या बँडचं वळण बदललं. डॉन रेडमन हे सहकारी तेव्हा गाणी बसवत. पितळी वाद्यं एका बाजूला, सॅक्सोफोन-क्लॅरिनेट दुसऱ्या बाजूला, आणि दोघांत सवालजवाब, ही वाटणी या दोघांनी मिळून रुळवली. पुढे दहा-वीस वर्षं अमेरिकेतला प्रत्येक मोठा नाचाचा बँड याच वाटेने गेला. रेडमन 1927 साली सोडून गेले आणि गाणी बसवण्याचं काम हळूहळू हेंडरसन यांच्या स्वतःच्या हाती आलं.

हे सगळं पुस्तकात वाचता येतं, पण कानाला पटतं ते तबकड्यांवरूनच. उदाहरण देते. 'किंग पोर्टर स्टॉम्प' ही जेली रोल मॉर्टन यांची रचना. हेंडरसन यांच्या बँडने ती तीनदा रेकॉर्ड केली: 1928 साली, 1932 साली आणि 1933 साली. प्रत्येक तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. तिन्ही ओळीने ऐकल्या की एखादं पोर आपल्यासमोर मोठं व्हावं तसं ते गाणं वाढताना ऐकू येतं. पहिल्या वेळचा ठेका जरा ताठ आहे. नंतरच्या दोन्हींत तो सैल होतो, पुढे झुकतो. आणि शेवटी पितळी वाद्यं एक छोटासा तुकडा टाकतात, सॅक्सोफोन लगेच उत्तर देतात, पुन्हा तुकडा, पुन्हा उत्तर. भोंडल्याच्या गाण्यात एकीने विचारावं आणि फेराने सांगावं तशी मजा येते. यातलं बरंचसं आधी कागदावर नव्हतंच. वाजवता वाजवता ते बसत गेलं आणि मग लिहिलं गेलं.

1932 सालच्या त्या ध्वनिमुद्रणाची एक गोष्ट जॉन हॅमंड सांगत असत. तेव्हा ते जेमतेम बाविशीचे, जॅझवेडे. त्यांनी स्टुडिओ ठरवला, वेळ ठरवली. पण वादक एकेक करून इतक्या उशिरा उगवले की हाती थोडाच वेळ उरला. तेवढ्यात घाईघाईने गाणी उरकली, आणि ती अजरामर झाली!

या गोष्टीतच हेंडरसन यांचं दुखणं आहे. माणूस गुणी, सौम्य, आणि शिस्तीच्या बाबतीत अगदी ढिला. वादकांवर ओरडणं जमायचं नाही, पैशांची बोलणी जमायची नाहीत. 1928 साली केंटकीत त्यांना मोटारीचा अपघात झाला, जबर मार लागला. त्यानंतर ते पूर्वीचे राहिले नाहीत, व्यवहारातलं लक्षच उडालं, असं त्यांच्या पत्नी लिओरा यांनी पुढे सांगितलं आहे.

या लिओराबाईंबद्दल थोडं सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या स्वतः ट्रंपेट वाजवत. त्या काळी बाईने पियानोवर बसणं लोक चालवून घेत, ट्रंपेट फुंकणं म्हणजे नवलच. हार्लेममधल्या त्यांच्या घरी वादकांची ये-जा असे, कुणी मुक्कामालाही असे. 1934 साली कोलमन हॉकिन्स हे बँडमधले नामवंत सॅक्सोफोनवादक युरोपला गेले आणि त्यांच्या जागी लेस्टर यंग आला. त्याचा आवाज हलका, हॉकिन्सचा भरदार. बँडवाले कुरकुरायला लागले. हा मुलगा हेंडरसन यांच्याच घरी राहत होता. लिओराबाई रोज सकाळी त्याला उठवत आणि हॉकिन्सच्या तबकड्या लावून ऐकवत, म्हणजे तो तसं वाजवायला शिकेल! तो गुपचूप ऐकून घेई आणि वाजवताना आपल्याच मनासारखं वाजवी. काही महिन्यांनी तो गेला आणि पुढे स्वतःच्याच आवाजावर फार मोठा झाला. बाईंचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्या मुलाची नोकरी टिकावी म्हणून धडपडत होत्या. पण बघा, स्वतः वादक असलेल्या या बाईच्या ट्रंपेटबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. छापलं जातं ते त्यांनी नवऱ्याच्या अपघाताबद्दल काय सांगितलं, आणि लेस्टरला कसं उठवलं, एवढंच.

1934 च्या शेवटी पैशांअभावी बँड मोडला. आणि नेमक्या त्याच वेळी बेनी गुडमन या तरुण गोऱ्या क्लॅरिनेटवादकाच्या बँडला रेडिओवर 'लेट्स डान्स' हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम मिळाला. दर आठवड्याला नवी गाणी बसवून हवी होती आणि त्यासाठी कार्यक्रमाकडे पैसा होता. हॅमंड यांच्या सांगण्यावरून गुडमन यांनी हेंडरसन यांच्याकडून गाणी घ्यायला सुरुवात केली. काही हेंडरसन यांच्या जुन्याच बँडची, काही नव्याने लिहिलेली.

पुढचं जगाला माहीत आहे. 1935 च्या उन्हाळ्यात गुडमन यांचा बँड देशभर फिरला, पण कुठे फारसं जमलं नाही. 21 ऑगस्टला लॉस अँजेलिसच्या 'पालोमार' नाचघरात आधी बेताची, गुळगुळीत गाणी वाजवली, गर्दी थंड. मग हेंडरसन यांची गाणी काढली आणि तरुण मंडळी नाचायची सोडून स्टेजभोवती गोळा झाली. न्यूयॉर्कला उशिरा रात्री होणारा रेडिओ कार्यक्रम घड्याळातल्या फरकामुळे कॅलिफोर्नियात ऐन संध्याकाळी ऐकू जायचा, म्हणून त्या पोरांना ही गाणी आधीच पाठ होती! 'स्विंग'चं युग त्या रात्री सुरू झालं असं मानतात. गुडमन 'स्विंगचे राजे' झाले.

यात गुडमन यांना खलनायक करून चालणार नाही. त्यांनी गाणी पैसे देऊन घेतली, हेंडरसन यांचं ऋण उघडपणे मानलं, 1939 साली त्यांना आपल्या बँडमध्ये पियानोवर बसवलं. गोऱ्यांच्या बँडमध्ये काळ्या वादकाने बसणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती. आणि गुडमन स्वतः वाजवण्यात कुणापेक्षा कमी नव्हते. बँडकडून घोटून घेणं त्यांना जमे, जे हेंडरसन यांना कधीच जमलं नाही. तरीही, तीच गाणी काळ्या माणसाच्या हातून आली तेव्हा त्यांना नाचघर मिळालं, आणि गोऱ्याच्या हातून गेली तेव्हा देश मिळाला. याला नशीब म्हणणं मला पटत नाही. मोठी हॉटेलं, रेडिओच्या जाहिराती देणारे कारखानदार, सगळी दारं कातडीचा रंग बघून उघडत होती.

हेंडरसन यांनी 1936 साली पुन्हा बँड उभा केला, 'ख्रिस्तोफर कोलंबस' हे त्यांचं गाणं गाजलंही. पण घडी बसली नाही. 1950 च्या डिसेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि 1952 च्या डिसेंबरात ते गेले. 1961 साली कोलंबिया कंपनीने फ्रँक ड्रिग्ज आणि जॉन हॅमंड यांच्या हातून तो चार तबकड्यांचा, 64 गाण्यांचा संच काढला आणि त्याला वैफल्याचं नाव दिलं. हॅमंड यांनी हा माणूस जवळून पाहिला होता. कुठली संधी कशी हुकली हे त्यांना ठाऊक. त्यांच्या जिवाला ते लागलं असणार.

पण मैत्रिणींनो, मला ते नाव मान्य नाही. हिशोबाच्या वहीत वैफल्य असेल, तबकडीत ते कुठेच नाही. 1934 सालची 'रॅपिन इट अप' ऐका. तेव्हा बँडचे दिवस भरत आले होते, वादकांचे पैसे थकत होते. आणि वाजवणं कसं? चौघं सॅक्सोफोनवाले एका श्वासात वाजवतात, पितळी वाद्यं मधूनच थट्टा करून जातात, आणि एकटा वाजवणारा पुढे आला की बाकीचे त्याच्या मागे असे हलकेच उभे राहतात की त्याला आपण एकटे आहोत असं वाटूच नये. हे बसवणारा माणूस ते लिहिताना दुःखी असेल, तर मी म्हणेन की कामाने त्याला तेवढा वेळ तरी सोडवलं होतं.

मात्र याचा अर्थ 'कामातच आनंद, नावाचं काय एवढं?' असाही नव्हे. हे वाक्य आपण बायकांनी फार ऐकलंय. नाव नसलं की पैसा जातो, पुढचं काम जातं, म्हातारपणचा आधार जातो. हेंडरसन यांचं हेच झालं. ज्याला टाळ्या मिळतात त्यानेच 'टाळ्यांचं काय एवढं' म्हणावं. दुसऱ्याने आपल्याला ते शिकवू नये. मला वाटतं, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धराव्यात. काम कसं झालं ते कामावरून ठरवावं, आणि नाव द्यायचं राहिलं असेल तर ते द्यावं, त्यात संकोच नको. म्हणून यंदा मी समूहगीताच्या कागदावर खाली स्वतःच पेटीवाल्या बाईंचं, तबल्यावरच्या नववीतल्या मुलाचं आणि माझं नाव लिहून छापायला दिलं. छापतील की गाळतील, ते पत्रिका आल्यावर कळेल. पण कागदावर तरी ते आता आहे.

कुणाला ऐकावंसं वाटलं तर एक सोपी युक्ती सांगते. 'किंग पोर्टर स्टॉम्प' आधी हेंडरसन यांचं 1933 सालचं लावा, मग लगेच गुडमन यांचं 1935 सालचं. गुडमन यांचं जास्त सफाईदार आहे, कुठे एक सूर इकडेतिकडे नाही. हेंडरसन यांचं थोडं खरखरीत, पण जास्त उनाड. कुठलं आवडतं ते ज्याने त्याने ठरवावं. माझा कौल उनाडपणाला. मग 1925 सालची 'शुगर फूट स्टॉम्प' ऐका, त्यात तेवीस वर्षांचे आर्मस्ट्राँग आहेत.

आणि शेवटी सन रा यांचं काहीतरी शोधा. 1946-47 च्या सुमारास शिकागोच्या 'क्लब डिलिसा'त हेंडरसन यांच्याकडे एक तरुण पियानोवादक होता. तोच पुढे सन रा या नावाने प्रसिद्ध झाला. चमचमते झगे घालून आपण शनी ग्रहावरून आलो असं सांगणारा, जगावेगळं संगीत करणारा हा माणूस. पण त्या सगळ्या गोंधळात मध्येच त्याचा बँड फ्लेचर हेंडरसन यांची जुनी गाणी काढायचा, त्यांनी बसवली होती त्याच वळणाने, आणि सन रा ती 1993 साली आपल्या मरणापर्यंत वाजवत आणि शिष्यांकडून वाजवून घेत राहिले.